दहाच्या आत

ते साल दोन हजार पाच. माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या खोलीत नवा गालिचा टाकला आणि त्याच्या वासानं सबंध उन्हाळा माझं डोकं धरलं होतं.

खोली म्हणजे वेल्समधल्या स्वान्सीच्या बंदराजवळच्या सरकारी इमारतीतली, आकडेवारी खात्याची. माझ्या हुद्द्याला चांगलं लांबलचक नाव होतं, पण कुणी विचारलं की मी सांगायची, "दारात बसते." देशातल्या माणसांचे जन्म, मरण, दुखणी, कामधंदे, सगळं त्या खोलीतल्या यंत्रांवर दिसायचं आणि विद्यापीठांतले संशोधक ते अभ्यासायला यायचे. येताना फोन, पेन, पिशवी, कोट, सगळं बाहेरच्या कपाटात. लिहायला पिवळा कागद आम्ही द्यायचो आणि तो आतच ठेवून जावं लागायचं. पडद्यावर कुणाचंही नाव नसायचं. नावं आधीच पुसलेली असत. तरीही प्रत्येकाला दोन दिवसांचं शिक्षण घ्यावं लागे, शपथेवर सही करावी लागे, आणि आतलं बाहेर गेलं तर तुरुंग, हे त्या शपथेत ठळक छापलेलं होतं.

शिकवायला माझा सहकारी रोद्री असायचा आणि शेवटी मला बोलायला लावायचा. मी एवढंच सांगायची, "गावात शंभर माणसं आजारी आहेत म्हटलं की तो आकडा झाला. तीन आजारी आहेत म्हटलं की बाया दारात येऊन बोटं मोजायला लागतात." म्हणून आमच्याकडे नियम होता, दहाच्या आतला आकडा खोलीबाहेर जाणार नाही. बाहेर न्यायचा प्रत्येक तक्ता रोद्री तपासायचा. तो उत्तरेकडचा, त्याच्या बोलण्याची आम्ही दक्षिणेकडचे थट्टा करायचो, पण त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

त्या वसंतात हेलेद आली. हेलेद प्रॉबर्ट, डॉक्टर होती, पण रोग्यांची नव्हे, रोगांची. तिशीच्या आतली, सडसडीत, नखं खाणारी. ती वर खोऱ्यातल्या कुमवेर्न गावची. माझी धाकटी बहीण बेती तिथेच दिलेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी ओळख निघाली.

"बेतीची बहीण? म्हणजे तुम्ही आंटी नेस्टा! तुमच्या लग्नात माझ्या आजीनं केक केला होता."

"आणि तो मधे खचला होता," मी म्हटलं. "फोन काढ आणि कपाटात ठेव."

मला ती मुलगी आवडायची. चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव घरून करून आणायची आणि खोलीत खाणं चालत नाही म्हणून तो कोटांच्या कपाटात ठेवायची. दुपारी आम्ही दोघी जिन्यात बसून लोणी लावून तो खायचो. खाली बंदरात बोटी असायच्या. त्या जिन्यातले दिवस मला अजून आठवतात.

तिच्या अर्जात एक प्रश्न होता, या माहितीत तुमच्या ओळखीचं कुणी असू शकेल का. तिनं लिहिलं होतं, "मी कुमवेर्नची आहे. सगळेच ओळखीचे." रोद्री हसला होता आणि त्यानं अर्ज पुढे सरकवला होता.

कुमवेर्नला खाण होती, ती बंद पडल्यावर रंगाचा कारखाना आला. त्यात एक टाकीघर होतं. रंगाच्या मोठ्या टाक्यांत उतरून पुरुष त्या खरवडायचे, धुवायचे. त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे मूत्राशयाचा कर्करोग झाला. गावाच्या हिशेबानं सहा जण, चार गेलेले, दोन अंथरुणावर. कारखानावाले म्हणायचे, सगळे सिगारेटी ओढणारे होते. आणि टाकीघर चालूच होतं. हेलेदचा धाकटा भाऊ गेराइंट त्यात कामाला होता. दुसरं काम त्या खोऱ्यात नव्हतं.

जूनमध्ये सरकारी तपासनीस गावात सुनावणी घेणार होता. टाकीघर बंद करायचं की नाही, ते तो ठरवणार होता. कामगारांकडे सांगण्यासारखं होतं, दाखवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून हेलेद आली होती. तिला एकोणीसशे एक्याऐंशीपासूनच्या जनगणनांतले टाकी धुणारे आणि कर्करोगाच्या नोंदी एकमेकांसमोर ठेवायच्या होत्या.

मे महिन्यात तिचं काम झालं. तिनं मला हाक मारली. पडद्याकडे बघायचं आमचं काम नव्हतं, पण ती हाक मारायची पद्धत अशी होती की मी उठून गेले. तक्त्यात एकाच रकान्यात आकडा होता. सात.

"सहा नाही, सात," ती म्हणाली. "कुणीतरी इंग्लंडला निघून गेलेला असणार. सगळ्या वेल्समध्ये टाक्या धुणाऱ्यांत एवढं प्रमाण कुठेच नाही, आंटी नेस्टा. हे पुरेसं आहे."

रोद्रीनं तो तक्ता परत पाठवला.

"दहाच्या आत आहे," तो म्हणाला.

"ते मला दिसतंय. पण हे प्रकरण साधं नाही. माझा भाऊ रोज सकाळी त्या टाकीत उतरतो."

"शेजारच्या खोऱ्यांतले रंगकामगार मिसळ. मग आकडा वाढेल, जाऊ देतो."

"मिसळून पाहिलं. दुधात पाणी घातल्यासारखं होतं. काहीच उरत नाही."

"मग समितीकडे अपवाद मागू. समिती सप्टेंबरात बसते."

"सुनावणी जूनमध्ये आहे!" तिचा आवाज चढला. "म्हणजे अजून तीन माणसं मेली की येऊ मी?"

"मरायची गरज नाही," रोद्री म्हणाला. "आजारी पडली तरी चालतात."

त्याला ते विनोदानं म्हणायचं नव्हतं. तो खरोखरच नियम सांगत होता. हेलेद पिवळे कागद नीट रचून माझ्याकडे देऊन निघून गेली. त्या दिवशी पाव कपाटातच राहिला.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी मी बेतीकडे गेले होते. दुपारी चॅपलच्या मागच्या खोलीत कामगारांच्या घरच्यांची सभा होती. बेती म्हणाली, चल, नुसती घरात बसून काय करणार. चॅपलमध्ये पुरुषांच्या गायकमंडळाची तालीम चालली होती, भिंतीतून त्यांचे आवाज येत होते. त्यांचा शिक्षक एमलिन एकाच ओळीवर त्यांना पुन्हा पुन्हा थांबवत होता. त्याची बायको मोर्विद सभेच्या खोलीत मोठ्या किटलीतून चहा ओतत होती. चहा तीच करायची, दुसऱ्या कुणाचा लोकांना आवडायचा नाही.

आमच्या खोऱ्यांत नावांचा मोठा दुष्काळ. निम्मे डेव्हीस, निम्मे इव्हान्स. मग माणूस धंद्यावरून ओळखायचा, पाववाला इव्हान्स, दूधवाला डेव्हीस. थडग्यावरसुद्धा कधी कधी तेच लिहितात. एमलिन हा गाणंवाला एमलिन.

हेलेद पुढे उभी राहिली. मी मागच्या बाकावर, खांबाआड होते, तिला दिसले नव्हते. ती म्हणाली, "मंगळवारी घाबरायचं नाही. आपलं म्हणणं खरं आहे. नुसतं आपलंच म्हणणं नाही, सरकारच्याच नोंदीत आहे. टाकीघरातल्या सात जणांना हा रोग आहे. सात."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. तिनं वळून पाहिलं आणि मी तिला दिसले. तिचा चेहरा पांढरा पडला. पण शब्द गेला होता.

"सहा," पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली. "सहा गं पोरी. माझा नवरा धरून सहा."

"सातवा कुणीतरी बाहेरगावी गेलेला असेल," हेलेद घाईनं म्हणाली. "ते सोडा. महत्त्वाचं हे की..."

पण कुमवेर्नला सोडा म्हणून सोडता येत नाही. बायांनी बोटं पुढे केली. हे मी वर्षानुवर्षं खोलीत लोकांना उदाहरण म्हणून सांगत आले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

"वॉल्टर, तुझा," म्हातारीला म्हणत बेतीनं करंगळी धरली. "लंगडा जॉन. बेन आणि त्याचा मेव्हणा. चार. आणि ते दोघं अंथरुणावरचे, सहा. सातवा कोण?"

"इंग्लंडला कोण गेलं?"

"टाकीतलं कुणी नाही गेलं. आर्थर गेला, पण तो पॅकिंगला होता."

"आणि त्याला कुठला रोग चिकटणार, बायको चिकटलीय तेवढी पुरे," कुणीतरी म्हणालं आणि बाया हसल्या.

"टाकीवाले किती होते तेव्हा? टाकीवाला वॉल्टर, टाकीवाला बेन..."

"टाकीवाला एमलिन," म्हातारी म्हणाली.

"कोण एमलिन?"

"आपला एमलिन गं. गाणंवाला. त्याला गायकमंडळ मिळायच्या आधी तो टाकीवाला एमलिन नव्हता का? दोन वर्षं उतरत होता. तुमच्या लक्षात नसेल, तुम्ही तेव्हा शाळेत."

हसत हसतच सगळ्यांच्या माना मोर्विदकडे वळल्या. मोर्विदही हसली.

"काहीतरीच तुमचं! त्याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे. दर गुरुवारी पहाटेची बस पकडून स्वान्सीला जातो, मंडळांच्या समितीची बैठक असते म्हणून."

तेव्हा तालीम सोडून सभेला आलेला, कोपऱ्यात बसलेला एक मंद्र आवाजवाला, मंडळाचा खजिनदार, सरळ मनाचा माणूस, म्हणाला, "समिती? समिती तर सोमवारी बसते, मोर्विद. मी आहे ना तिच्यात."

भिंतीपलीकडे तीच ओळ पुन्हा सुरू झाली होती. गुरुवारी स्वान्सीत काय असतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. अंथरुणावरचे दोघं गुरुवारीच जायचे, इस्पितळात.

मोर्विदनं किटली खाली ठेवली. तिच्यावर विणलेली टोपी नीट बसवली, चहा गार होऊ नये म्हणून. हात पुसले आणि चॅपलकडचं दार उघडून गेली. थोड्या वेळानं गाणं थांबलं. ओळीच्या मधेच थांबलं.

हेलेद मला बाहेर, थडग्यांच्या भिंतीपाशी भेटली. ती नखं खात होती.

"मला खरंच वाटलं होतं तो दूर कुठे तरी असेल."

"हं."

"तुम्ही सांगणार, आंटी नेस्टा?"

"हो."

"मंगळवार होऊ दे. फक्त मंगळवार. बुधवारी सांगा, मी स्वतः येते तुमच्याबरोबर. गेराइंटसाठी."

मी तिला जवळ घेतलं. आणि म्हटलं, "उद्या सकाळी सांगणार पोरी. तू पण चल."

ती आली नाही. मी सोमवारी रोद्रीला सांगितलं. आजही सांगेन. त्यानं चष्मा काढून पुसला.

"सात म्हणाली? सहा म्हणाली असती, तर गावाला माहीतच होतं. कुणाचं काही बिघडलं नसतं."

"नसतं."

"मग सहा का नाही म्हणाली?"

"डॉक्टर आहे ती," मी म्हटलं. "तिला सात दिसले होते."

त्यानं वर कळवलं. वरून दुपारी तिला फोन गेला, सुनावणीत त्या आकड्याचा उच्चार केलात तर खटला होईल. बेती म्हणते, त्या फोनची गरज नव्हती. रविवारपासूनच तिच्या तोंडातून सात हा शब्द निघणार नव्हता.

सुनावणीला मी नव्हते. बेती होती, तिनं सगळं सांगितलं. गावाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. तपासनीस शांत, म्हातारा माणूस होता, ऐकून घेणारा. कारखान्याच्या वकिलानं विचारलं, "गावात कुठल्याशा सरकारी आकड्याची चर्चा आहे म्हणे. तो कुठे आहे?" हेलेद उठली आणि म्हणाली, "माझ्याकडे आकडा नाही." आणि बसली. गेराइंट तिच्या शेजारी होता. तिनं त्याला महिनाभर सांगितलं होतं, थोडा धीर धर, मी काहीतरी घेऊन येते.

वकील म्हणाला, "मग राहिले सहा. चाळीस वर्षांत, शेकडो कामगारांत सहा. आणि सहाही धूम्रपान करणारे."

एमलिन आला होता. मंडळाचा निळा कोट घालून, शेवटच्या रांगेत, कडेला. तो आयुष्यात कधी सिगारेटला शिवला नव्हता. गाणारा माणूस, गळ्याला जपायचा. नुसता उभा राहून दोन वाक्यं बोलला असता तरी वकिलाचं म्हणणं पडलं असतं, आणि त्याला कुठलाही नियम अडवत नव्हता. स्वतःचं दुखणं सांगायला कुणाची परवानगी लागते? सगळं सभागृह मान न वळवता त्याचीच वाट बघत होतं. बेती म्हणते, पाठीला डोळे असावेत तसं.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" तपासनीसानं विचारलं. मग पुन्हा विचारलं.

एमलिननं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मोर्विदसाठी त्यानं ती टोपी ठेवून अडवली होती. ती आली नव्हती. रविवारपासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. तो उठला, पण टोपी उचलून बाहेर जायलाच. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

टाकीघर चालू राहिलं.

मोर्विदनं त्याला सोडलं नाही. त्याच्यासाठी स्वयंपाक केला, त्याची अंथरुणं बदलली, हिवाळ्यात तो इस्पितळात पडला तेव्हा रोज दोन बस बदलून येऊन त्याच्याजवळ बसली. फक्त बोलली नाही. मी त्याला भेटायला गेले होते तेव्हा तो हळूच म्हणाला, "नेस्टा, मी तिला सांगणार होतो. पण तिला छातीचं दुखणं, आमचा मुलगा गेला तेव्हापासून, धक्का सोसला नसता. म्हटलं, उन्हाळ्यातली स्पर्धा होऊ दे, मग सांगू." मोर्विद तिथेच, पलंगाच्या पलीकडे बसून लोकर गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. एकदाच मला इस्पितळाच्या जिन्यात म्हणाली, "बेतीला माझ्या आधी कळलं. चहा पीत पीत कळलं." नाताळाआधी तो गेला. मंडळानं थडग्यापाशी गायचं म्हटलं, तर ती नको म्हणाली.

पुढच्यांचं सांगते.

हेलेदवर खटला झाला नाही, पण खोलीचं दार तिला कायमचं बंद झालं, आणि विद्यापीठातलं कामही गेलं. आता ती कार्मार्थनच्या शाळेत गणित शिकवते. नाताळला मला कार्ड पाठवते. आतमध्ये नुसतं नाव असतं.

गेराइंट टाकीत उतरत राहिला. दोन हजार आठमध्ये त्याला लघवीतून रक्त गेलं. त्याचं मूत्राशय काढलं, तो जगला. गावात अजून आहे, शाळेच्या मैदानाची देखभाल करतो. बहिणीकडे जातो, पण त्या सुनावणीबद्दल दोघं बोलत नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका संशोधकानं तोच तक्ता काढला. आता त्यात दहा होते. रोद्रीनं तपासला, नियमात बसत होता, सही करून बाहेर जाऊ दिला. वाढलेल्या तिघांतला एक कोण, ते मला माहीत होतं आणि त्यालाही. आम्ही दोघांनी त्याचा उच्चार केला नाही. टाकीघर त्याच उन्हाळ्यात बंद झालं. वर्तमानपत्रात आलं की, आता पुरेसा पुरावा उपलब्ध झाला आहे.

रोद्री निवृत्त होऊन उत्तरेत परत गेला आणि तिथेच वारला. खोली आता नाही. संशोधक म्हणे घरी बसून सगळं बघतात, कुणाच्या तरी नजरेखाली, पण त्या नजरेला डोळे नसतात. तो जिना मात्र आहे, मी मागे एकदा मुद्दाम जाऊन आले.

बेती आणि मोर्विद आता एकाच वृद्धाश्रमात आहेत. दोघींच्या खोल्या समोरासमोर. मी महिन्यातून एकदा जाते. मोर्विदला फारसं काही आठवत नाही, मला ती कधी नर्स समजते, कधी बेती. पण गुरुवारी पहाटे ती स्वतःची स्वतः उठते, कोट घालते, बटणं लावते आणि दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसते. जेवायला बोलावलं तर उठत नाही. मागच्या गुरुवारी मी विचारलं, "कुठे निघालीस गं मोर्विद?"

"स्वान्सीला," ती म्हणाली. "त्याला एकट्याला कशाला जाऊ द्यायचं?"